केळ्याच्या दुधात आंबा

माझ्या मुलीच्या केळ्याच्या दुधात मी तिच्या नकळत आंबा घालत होतो. एखाद दिवशी चुकून पडला असं नव्हे. रोज, ठरवून, ती डोळे मिटेल तेवढी वेळ साधून. पुढे जे झालं त्याचं खापर मी दुसऱ्याच्या डोक्यावर फुटू दिलं, आणि ते डोकं माझ्या बायकोचं होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण नंतर सांगू असं ठरवलं की मी सांगत नाही. स्वतःला मी एवढं ओळखतो.

आजही कुणी कौतुकानं म्हणालं, ‘रत्नागिरीचं माणूस आणि हापूस नको म्हणतंय?’, की माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते. बोलणाऱ्यानं काहीच वाईट केलेलं नसतं. पण हे वाक्य मी स्वतः इतक्या वेळा, इतक्या फुशारकीनं म्हटलेलं आहे, की ते दुसऱ्याच्या तोंडून आलं तरी मला माझाच आवाज ऐकू येतो.

ऐंशीनंतरची ती सुरुवातीची वर्षं. आम्ही रत्नागिरी शहरात भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. मी सरकारी कचेरीत कारकून. बायको एका प्राथमिक शाळेत बदलीवर शिकवायची. कुणी बाई रजेवर गेल्या की हिला बोलावणं यायचं. त्या वर्षी एक बाई निवृत्त होणार होत्या आणि जूनपासून ती कायमची जागा हिला मिळेल, असं मुख्याध्यापिकांनी तोंडी सांगितलं होतं. वार्षिक परीक्षा होईपर्यंत खाडे करायचे नाहीत, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. बायकोनं ही गोष्ट मला पाण्याचा तांब्या हातात धरून सांगितली होती आणि सांगताना तिला हसू आवरत नव्हतं. पाणी मला द्यायचं राहूनच गेलं होतं.

आमची एकुलती एक मुलगी तेव्हा सहा वर्षांची. तिचं खाणं म्हणजे घरातलं रोजचं युद्ध. आमटीचा थेंब भाताला लागला की तो भात बाद. भाकरीचा पापुद्रा खायचा, खालची बाजू तशीच. मासे शिजत असले की नाक धरून शेजाऱ्यांच्या ओसरीवर जाऊन बसायची. पोहे घशात अडकतात, उपमा ओला लागतो, डाळिंबाला बिया असतात. एक गोष्ट मात्र ती रोज, न बोलवता, हात पुढे करून घ्यायची. ती म्हणजे मी मिक्सरमध्ये केलेलं केळ्याचं दूध.

बायकोची शाळा सकाळची. ती लवकर बाहेर पडायची आणि मुलीला उठवून, तयार करून शेजारणीकडे सोडणं माझ्याकडे होतं. मिक्सर आमच्याकडे नवा आला होता. वेलची केळी, साय काढलेलं थंड दूध, थोडी साखर. कधी केळ्याच्या जोडीला चिकू. मग ते सगळं गाळणीतून गाळायचं, कारण एक जरी गुठळी जिभेला लागली तरी पेला परत यायचा. केळ्यावर काळा डाग असला तर तेवढा भाग तिच्यादेखत कापून टाकायचा. ती ओट्यावर मिक्सरशेजारी पाय सोडून बसायची आणि मी काय काय घालतो यावर नजर ठेवायची. मिक्सर सुरू झाला की दोन्ही कानांवर हात घ्यायची आणि डोळे घट्ट मिटायची. आवाज थांबला की आधी एक डोळा उघडायचा.

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, गावाहून आला की चिडवायचा, “हे रे काय? शिकरणच की ही! दात पडलेल्या म्हाताऱ्यांची.”

“शिकरणीत गुठळ्या असतात, काका,” मुलगी सांगायची.

“आणि बायको शाळेत, नवरा मिक्सरवर! बरं आहे बाबा तुमचं शहरातलं.”

मला तेव्हा त्याचा राग यायचा नाही. उलट, या पोरीला फक्त माझ्या हातचं चालतं, याचा मला मोठा अभिमान होता. त्या अभिमानाचीच मला आता सगळ्यात जास्त चीड येते.

गावी, मालगुंडच्या अलीकडे, आमची हापूसची कलमं. दादा आणि आई ती बघत. मी शहरात राहून नुसता आंब्याचा मालक. पाणी घालायला नाही, फवारणीला नाही, काढणीला एखाद्या रविवारी. तरी कचेरीत आमच्या हापूसबद्दल माझ्याइतकं कुणी बोलत नसे.

आमच्या घरची रीत अशी, की गवताच्या आढीत पिकलेला वर्षाचा पहिला आंबा देवापुढे ठेवायचा आणि मग त्याची पहिली फोड घरातल्या सगळ्यात लहान माणसाच्या तोंडात घालायची. ते तोंड गोड झालं की बाकीच्यांनी खायचं. तोवर कुणी बोटसुद्धा लावत नाही. आमच्या घरातलं सगळ्यात लहान माणूस म्हणजे माझी मुलगी. आधीच्या वर्षी आईनं तिला नुसतं बोट चाटवून भागवलं होतं आणि ती रडली होती. लहान आहे म्हणून कुणी मनावर घेतलं नव्हतं.

त्या पाडव्याला मात्र दादाकडे मुंबईचा व्यापारी आला होता, ज्याच्याकडे आमच्या पेट्या जात. सगळे पडवीत बसलेले. आईनं फोड हातात घेतली.

“आ कर गो बाय.”

“नको आजी. टोचतं.”

“टोचतं?” दादा मांडीवर थाप मारून हसला. “काय रे, आपल्या हापूसला यंदा काटे फुटले काय?”

व्यापाऱ्यानंही संधी सोडली नाही. “पोरगी देवगडवाल्यांनी पाठवलेली दिसते, शेठ. तुमचा भाव पाडायला.”

सगळे हसले. मीही हसलो. आईनं तिचे गाल दाबून फोड आत सारली आणि मुलीनं ती पुढच्याच क्षणी थुंकली, ती नेमकी व्यापाऱ्याच्या पांढऱ्या लेंग्यावर. हसणं थांबलं. आई मुलीकडे न बघता माझ्या बायकोकडे बघत म्हणाली, “सगळ्या गावची पोरं शिकवतेस, तुझ्या पोरीला कोण शिकवणार गो?”

परतताना एसटीत मी बायकोशी भांडलो.

“सगळ्यांसमोर तोंड दाखवायला जागा ठेवली नाही पोरीनं.”

“अहो, नाही आवडत तिला. मला नाही का कारलं आवडत?”

“कारलं आणि हापूस एक?”

“तिच्या जिभेला काय ते तिला माहीत.”

“आंबा खायला लावतो की नाही बघ तिला. गपचूप खाईल.”

मुलगी आमच्या दोघांच्या मध्ये बसली होती आणि ओठ मनगटानं पुन्हा पुन्हा पुसत होती. ते मला दिसत होतं. मला वाटलं, नाटक करतेय.

दुसऱ्या दिवसापासून मी सुरू केलं. ती उठायच्या आधी आंबा पिळून रस वाटीत काढायचा आणि ती वाटी पिठाच्या डब्यामागे ठेवायची. ती ओट्यावर बसली की तिच्यासमोर केळं, चिकू, दूध, साखर घालायची. मिक्सर सुरू करायचा. तिनं कानांवर हात घेतले, डोळे मिटले, की झाकणाच्या भोकातून रस आत. आंब्याचा वास दबावा म्हणून जायफळ आणि वेलची. रंग झाकावा म्हणून चिकू जरा जास्त. पहिल्या दिवशी अगदी थोडा घातला. तिनं पेला ओठांना लावला, थांबली, माझ्याकडे बघितलं.

“बाबा, आज वेगळं लागतंय.”

“जायफळ घातलंय.”

“जायफळ कशाला?”

“अक्कल येते त्यानं.”

ती प्यायली. माझ्या हातचं होतं म्हणून प्यायली. मी कचेरीत जाताना शीळ घालत गेलो. हे लिहिताना माझे दात एकमेकांवर दाबले जातात.

मग मी रस वाढवत गेलो. चार-सहा दिवसांत ती म्हणाली, “बाबा, जायफळ खाजतं.” मी म्हणालो, जायफळ तसंच असतं. मग म्हणाली, घशात केस अडकल्यासारखं वाटतं. मी म्हणालो, पाणी पी. तिच्या ओठांच्या कडेनं बारीक लाल पुरळ उठलं. बायकोनं खोबरेल तेल लावलं. उन्हाळा आहे, उष्णतेनं उठलं असेल. पुरळ हनुवटीवर उतरलं, मग मानेवर. मुलगी अर्धाच पेला घेऊ लागली, मग पाव, आणि एके दिवशी तिनं पेला हातातच घेतला नाही. जे एक अन्न ती न भांडता घ्यायची, तेही गेलं. फ्रॉकचा पट्टा आवळून बांधावा लागू लागला. ओळखीच्या डॉक्टरांनी जंतांचं औषध दिलं आणि एक मलम दिलं.

मी काय केलं? मी तिला रागावून, बोट दाखवून, पेला संपवायला लावला. जे हसून पीत होती ते आता धाकानं.

मला तेव्हा कळत होतं का? हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला आहे. कळत नव्हतं असं म्हणणं सोयीचं आहे. पण आमच्या घरात आंब्यानं कुणाला काही होऊ शकतं, हा विचारच कधी कुणी केला नव्हता. चिकानं हात भाजतो, तोंड उततं, हे काढणीच्या गड्यालासुद्धा माहीत असतं. पण पिकलेल्या हापूसचा रस? तो आजाऱ्याला देतात, बाळंतिणीला देतात. मनात कुठे शंका आली की मी ती याच गोष्टींखाली दाबायचो. शंका आली होती, हे मात्र खरं.

पुरळ बघायला आई गावाहून आली. आल्या आल्या तिनं निकाल लावला. “दूध नि फळं एकत्र देऊ नये पोराला, हे मी कधीचं सांगत्ये. पण ऐकायला घरात असायला हवं ना कोणी. पोरीचं काय झालंय हे आईला कधी कळणार? शाळा सुटल्यावर?”

आई झोपल्यावर दुपारी बायको माझ्याजवळ आली. रविवार होता.

“तुम्ही सकाळी तिला देता ते नीट देता ना? दूध आदल्या दिवशीचं नसतं ना? भांडं धुतलेलं असतं?”

खरं सांगायला याच्याहून सोपी वेळ मला पुन्हा मिळायची नव्हती. आणि मी काय केलं, तर चिडलो.

“म्हणजे आता माझ्यावर संशय? रोज सकाळी मी राबतो, तू मात्र पोरीला टाकून जातेस, आणि वर मलाच विचारतेस?”

“टाकून नाही जात,” ती म्हणाली. एवढंच.

परीक्षा तोंडावर आलेल्या असताना तिनं मुख्याध्यापिकांना जाऊन सांगितलं, की मुलगी आजारी आहे, मी येऊ शकत नाही, आणि जूनचं माझं धरू नका. जायच्या आधी तिनं मला विचारलं होतं. मी वर्तमानपत्र खाली न घेता म्हणालो, “तुला योग्य वाटेल ते कर.”

ती घरी राहिली आणि सकाळचं दूध ती करू लागली. साहजिकच त्यात आंबा नव्हता. आठवड्याभरात मुलीचं पुरळ सुकलं. ती पुन्हा ओट्यावर चढून बसू लागली. पेला रिकामा होऊ लागला.

आई म्हणाली, “बघितलंस? आई घरात राहिली नि पोर उमललं.” शेजारीण तेच म्हणाली. बायकोही तेच म्हणाली, आणि म्हणताना अपराध्यासारखी हसली. मग मीही तेच मानून टाकलं. म्हणजे बघा, मला कुणी फसवलं नाही. आंबा थांबला म्हणून पोर सुधारली, हे माझ्याशिवाय कुणाला माहीत असणं शक्यच नव्हतं. पण आई घरात राहिली म्हणून सुधारली, हे मला जास्त परवडत होतं. ते मी इतकं मनापासून मानलं, की आंब्यावरचा माझा संशयही धुऊन निघाला. आता तर पोर ठणठणीत आहे, मग आंबा द्यायला काय हरकत आहे, असा माझा हिशेब.

अक्षय तृतीयेला सगळे गावी जमलो. गावच्या घरात मिक्सर नव्हता. मी केळी पुरणयंत्रातून काढली, चिकू चेचून गाळला, आणि अख्ख्या हापूसचा रस घातला. जायफळ, वेलची सढळ हातानं. मुलगी अंगणात खेळून घामाघूम होऊन आली होती.

“बाबा, तुम्ही केलंय?”

“मग? खास तुझ्यासाठी.”

“मिक्सर नसताना?”

“पी तर.”

कितीतरी दिवसांनी माझ्या हातचं मिळालं होतं. तहान लागली होती. तिनं गटागटा पेला संपवला. तो खाली ठेवायच्या आत मी पडवीत सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडलो, “दादा, बघ! अख्खा हापूस गेला पोटात. कुठे काय टोचलं?”

“शाब्बास रे!” दादानं टाळी दिली. “बापानं करून दाखवलंन!”

मुलगी माझ्याकडे बघत उभी होती. आधी मला वाटलं, फसवली म्हणून रागावली आहे. मग तिनं गळ्याला हात लावला. ओठ माझ्या डोळ्यांदेखत सुजायला लागले. ती काहीतरी म्हणाली, पण आवाज खरखरीत आणि बारीक येत होता. बायको स्वयंपाकघरातून धावत आली, तिनं मुलीचं तोंड बघितलं, रिकामा पेला बघितला, आणि तिला कडेवर उचललं.

वाहन म्हणजे दादाचा टेम्पो. तो मुंबईला जायच्या पेट्यांनी भरलेला.

“पेट्या उतरवून घेतो, मग…” दादा म्हणाला.

माझ्या बायकोनं दादासमोर कधी मोठ्यानं बोललेलं मी ऐकलं नव्हतं. “भावोजी, गाडी आत्ता काढा,” ती म्हणाली, अशा आवाजात, की दादा चपलाही न घालता टेम्पोत चढला. ती मुलीला घेऊन पुढे बसली. मी मागे पेट्यांवर. सगळ्या रस्त्यानं तो वास. घाटीत एका वळणावर माझ्या पायाशी एक पेटी आपटून फुटली आणि मी त्यातल्या आंब्यांना लाथा घालत सुटलो. आंब्यांना! चूक कुणाची आणि लाथा कुणाला.

रत्नागिरीच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई ड्यूटीवर होत्या. त्यांनी इंजेक्शन दिलं, मुलीला उशीला टेकवून बसवलं. श्वास मोकळा झाल्यावर त्या आमच्याकडे वळल्या.

“काय खाल्लं होतं?”

“हापूस,” मी म्हणालो.

“हिला आंबा चालत नाही. यापुढे एक चमचासुद्धा द्यायचा नाही.”

दादा मागे उभा होता. “बाई, रत्नागिरीत राहून आंबा चालत नाही, असं कसं होईल?”

“रत्नागिरीत राहून होईल, मुंबईत राहून होईल,” त्या म्हणाल्या. “तिला बोलता येतं ना? तिनं कधी सांगितलं नाही का, की त्रास होतो म्हणून?”

टोचतं, खाजतं, केस अडकल्यासारखं वाटतं. सहा वर्षांच्या मुलीनं याहून स्पष्ट काय सांगायचं होतं?

“याआधी कधी दिला होता?” त्यांनी विचारलं.

“पाडव्याला एक फोड, तीही थुंकली होती,” बायको म्हणाली.

“त्यानंतर?”

त्या माझ्याकडे बघत होत्या. बायकोही.

“नाही,” मी म्हणालो. “आजच.”

“मग मधे ते सगळं अंगावर उठलं होतं ते कशानं?” बायकोनं विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काहीतरी खाण्यात आलं असेल, आता कसं सांगणार. बायकोनं मान हलवली. तिनं स्वतःच उत्तर शोधलं होतं: मी घरात नव्हते, माझं लक्ष नव्हतं.

तेव्हा मे महिना सुरू होता. शाळेतली जागा रिकामीच होती. मी त्या संध्याकाळी, किंवा दुसऱ्या दिवशी, किंवा त्या आठवड्यात तोंड उघडलं असतं, तर ती मुख्याध्यापिकांकडे परत जाऊ शकली असती. मी रोज तिच्यासमोर बसून जेवत होतो. जूनमध्ये त्या जागेवर दुसऱ्या बाई आल्या. बायको म्हणाली, “बरं झालं. मुलांचं नुकसान नको.” त्यावर मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, “हो ना.”

मुलगी मोठी होत गेली. हळूहळू भात, आमटी, चपाती खाऊ लागली. मिक्सर लावला की कानांवर हात घ्यायची, पण डोळे मिटेनाशी झाली. माझ्या हातून काहीही घेतलं की आधी हुंगायची, पाणीसुद्धा. आणि घरात गोष्ट पक्की होत गेली, ती अशी: आई नोकरीत होती तोवर पोरीची हेळसांड झाली, अशक्त झाली, म्हणून तिला आंबासुद्धा सोसला नाही, आईनं नोकरी सोडली आणि पोर वाचली, बापानं बिचाऱ्यानं आपल्या परीनं खूप केलं. बिचाऱ्यानं! हा शब्द ऐकला की मी उठून बाहेर जायचो. लोकांना वाटायचं, हळवा आहे.

दशक संपत आलं तेव्हाची गोष्ट. दादाच्या मुलाचं लग्न होऊन त्याला मूल झालं होतं. त्याची बायको सरकारी दवाखान्यात नर्स होती. बाळ अंगानं बारीक होतं, आणि तिला कामावर परत जायची वेळ आली होती. आम्ही गावी गेलो होतो. दुपारची जेवणं होऊन सगळे पडवीत बसले होते.

“सोड ती नोकरी,” आई माझ्या बायकोकडे बोट दाखवत दादाच्या सुनेला सांगत होती. “पोर आधी. हिलाच विचार. हिची पोर काट्यासारखी झाली होती.”

“पण आजी, बाळाला काही झालेलं नाही. वजन वाढतंय त्याचं.”

“हिलाही तसंच वाटत होतं.”

मग माझी बायको त्या सुनेच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, “खरंच सांगते गो. मलाही सोडवत नव्हती. पण माझ्या चुकीनं पोरीचे किती हाल झाले ते मी बघितलंय. तू तशी चूक करू नकोस.”

सून रडवेली झाली होती. ऐकत होती, मान हलवत होती. आता हिचीही नोकरी जाणार, आणि तीही माझ्या खोटेपणावर.

“गप्प बसा!” मी ओरडलो. “सगळ्याजणी गप्प बसा!”

बाळ दचकून रडायला लागलं. आई म्हणाली, “काय झालं रे तुला मेल्या? पोराला घाबरवलंस.”

“हिची काही चूक नव्हती,” मी म्हणालो. आवाज खाली येत नव्हता, त्याच आवाजात बोललो. “पाडव्यापासून मी रोज पोरीच्या दुधात आंबा घालत होतो. तिच्या नकळत. पुरळ त्यानं उठलं, खाणं त्यानं सुटलं. ही घरी राहिली म्हणून ती बरी झाली नाही. हिनं दूध केलं, त्यात आंबा नव्हता, म्हणून बरी झाली.”

“काहीतरीच काय बोलतोस?” दादा म्हणाला. “तू तर एकदाच…”

“एकदाच नाही. डॉक्टरीणबाईंना मी खोटं सांगितलं.”

माझी मुलगी खांबाला टेकून बसली होती. फ्रॉकमधलं पोर राहिलं नव्हतं ते आता, दोन वेण्या घालणारी शाळकरी मुलगी होती. आमच्या घरात बापानं मुलीची माफी मागितलेली कुणी बघितली नव्हती. कशी मागतात ते मला माहीतही नव्हतं. मी उभाच राहिलो.

“तू खाजतं म्हणालीस ते खरं होतं,” मी तिला म्हणालो. “मी जायफळ म्हणालो ते खोटं होतं. तू डोळे मिटायचीस तेव्हा मी घालत होतो. तू नखरे करत नव्हतीस, बाय. मला माफ कर.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्या उत्तराची वाट बघायला नको होती, आणि बघितलीही नाही, कारण बायको बोलली. ती अगदी हळू बोलली.

“दवाखान्यातून आलो तेव्हा तुम्हाला माहीत होतं?”

“हो.”

“तेव्हा शाळेतली जागा भरली नव्हती.”

“नव्हती.”

“म्हणजे मी परत जाऊ शकले असते.”

“हो,” मी म्हणालो. “जाऊ शकली असतीस. मी बोललो नाही म्हणून गेली नाहीस. आई तुला बोलत होती तेव्हाही मी गप्प होतो, आणि तू स्वतःला बोलत होतीस तेव्हाही. ती चूक तुझी नव्हती, एक दिवसही नव्हती. माझी होती. मला माफ कर.”